भडक घराच्या बाजूने

अमेरिकेत १९५० किंवा ६० च्या दशकातलं एखादं बैठं घर विक्रीला निघतं. बाहेरून साधंसुधं. आतले फोटो पाहावेत तर भिंतींवर मखमली वेलबुट्टीचा कागद, न्हाणीघर टबापासून कमोडपर्यंत गुलाबी, दिवाणखान्यात झुंबरं आणि सोनेरी चौकटींचे आरसे. मग ठरलेलं नाटक सुरू होतं. पहिला हसतो. दुसरा म्हणतो, सगळं उखडा आणि पांढरा रंग मारा. तिसरा जाणकार असतो. तो म्हणतो, त्या काळच्या स्वच्छ, निरलंकृत शैलीचा हा खून आहे. पहिल्याशी माझं भांडण नाही, हसू येतं तेव्हा येतं. भांडण आहे ते उरलेल्या दोघांशी.

या जातीच्या घरांचा मुकुटमणी लास वेगासमध्ये आहे. रत्नजडित झगे घालून, पियानोवर मेणबत्त्यांचं झाड लावून वाजवणारा लिबराची तिथे राहायचा. साठच्या दशकातली दोन शेजारशेजारची साधी घरं त्याने सत्तरच्या दशकात एक केली आणि त्यांचा महाल केला. निजायच्या खोलीच्या छतावर सिस्टीन चॅपेलच्या धर्तीवर चित्रं काढून घेतली, आणि त्या स्वर्गात स्वतःचाही चेहरा बसवला. हेच घर २००६ मध्ये सुमारे ३७ लाख डॉलरना विकलं गेलं, पुढे बँकेच्या ताब्यात गेलं आणि २०१३ मध्ये सुमारे ५ लाखांना उठलं.

बघा, म्हणतात व्यवहारी लोक, भपक्याची किंमत बाजाराने दाखवून दिली. पण मधल्या सात वर्षांत काय झालं ते विसरून कसं चालेल? २००८ चं आर्थिक संकट आलं, आणि अमेरिकेत घरांचे भाव जिथे सर्वांत वाईट कोसळले त्या शहरांत लास वेगास वरच्या ओळीत होतं. तिथली पांढऱ्या भिंतींची, कुणालाही न खटकणारी घरंही निम्म्याहून खाली आली. त्यांच्या रंगाला कुणी दोष दिला नाही. लिबराचीच्या घराची तर देखभालच सुटली होती. नव्या मालकाने ते पुन्हा सजवलं आणि २०१६ मध्ये क्लार्क काउंटीने त्याला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. दोन साधी घरं साधीच राहिली असती तर त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

आता जाणकारांचा आक्षेप. तो जास्त वजनदार आहे, कारण त्यामागे एक घराणं आहे. व्हिएन्नाचा वास्तुकार आडोल्फ लोस याने १९१० च्या सुमारास अलंकरणाला गुन्ह्याच्या पंक्तीला बसवलं. त्याचा युक्तिवाद आज मुळातून वाचला तर लाज वाटावी असा आहे: अंग गोंदवणारा पापुआचा माणूस मागासलेला, म्हणून त्याला ते शोभतं, सुधारलेला युरोपीय गोंदवतो तेव्हा तो गुन्हेगार तरी असतो नाहीतर बिघडलेला. 'बटबटीत' हा शब्द आपण किती सहज टाकतो! त्याच्या आजोळी हे असं आहे. आणि गंमत म्हणजे याच लोसने प्रागच्या व्हिला म्युलरमध्ये शिरा-शिरांचा हिरवा संगमरवर मुबलक वापरला. म्हणजे निसर्गाने काढलेली नक्षी चालते, माणसाच्या हाताने काढलेली नाही.

बरं, त्या काळची शैली खरोखर इतकी निरलंकृत होती का? इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी वास्तुकार एरो सारिनेनने मिलर कुटुंबासाठी बांधलेलं, १९५७ मध्ये पुरं झालेलं घर पाहा. या शैलीचा तो मानदंड मानला जातो. आत जमिनीत खोल उतरलेली चौकोनी बैठक आहे, रंगीबेरंगी उशांनी भरलेली. ऋतू बदलला की त्यांचे अभ्रे बदलायचे. एक अख्खी लांब भिंत फडताळांची, तिच्यावर देशोदेशीच्या लोककलेच्या वस्तू. ही अंतर्गत सजावट अलेक्झांडर जिरार्डची. याच जिरार्डने १९५५ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भारतीय वस्त्रांचं आणि अलंकारांचं प्रदर्शन मांडलं होतं. म्हणजे आधुनिकतेच्या देवळातच साड्या टांगल्या होत्या आणि लोक त्या पाहत होते. मायामी बीचला वास्तुकार मॉरिस लॅपिडसने १९५४ साली फाँतेनब्लो हॉटेल वळणावळणांनी आणि झुंबरांनी मढवलं. समीक्षकांनी नाकं मुरडली, पाहुण्यांनी खोल्या भरल्या. तेव्हा 'मूळचं साधेपण' म्हणून आज जे विकायला ठेवतात, तो त्या दशकाचा एक कोपरा आहे, अख्खं दशक नव्हे.

त्या कोपऱ्यात राहणं कसं होतं, हेही ज्याचं घर त्यालाच विचारावं. वास्तुकार मीस व्हान डेर रोहने शिकागोच्या डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी फॉक्स नदीकाठी काचेचं घर बांधलं, १९५१ मध्ये ते तयार झालं. चारी बाजूंनी काच. खर्चावरून दोघं कोर्टात गेले. बाईंची एक तक्रार मला फार आवडते: सिंकखाली कचऱ्याचा डबा ठेवता येत नाही, कारण येणाऱ्या रस्त्यावरून तो दिसतो आणि घराची शोभा जाते, म्हणून तो लांबच्या कपाटात दडवावा लागतो. कचऱ्याचा डबा लपवायला लावणारं घर थोर, आणि स्वतःचा चेहरा छतावर काढायला मुभा देणारं घर हास्यास्पद, हा निवाडा मला पटत नाही. फार्न्सवर्थ हाउस २००३ मध्ये लिलावात ७५ लाख डॉलरना गेलं. चांगलंच झालं, ते जपायलाच हवं. पण जपण्याचा न्याय दोघांना एकच लावा.

हेटाळणीच्या मुळाशी भिंती नसतात, माणूस असतो. ब्रिटनच्या डेली मिरर दैनिकात 'कॅसांड्रा' या टोपणनावाने लिहिणाऱ्या स्तंभलेखकाने १९५६ मध्ये लिबराचीवर इतकं विखारी लिहिलं की प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं आणि १९५९ मध्ये लिबराचीला ८,००० पौंडांची भरपाई मिळाली. रोख वादनावर नव्हता. हा 'पुरेसा पुरुष' नाही, यावर होता. लिबराची समलिंगी होता आणि ते सांगण्याची सोय त्या काळात नव्हती. झगा, मेणबत्त्या आणि छत, एवढंच बोलायची मुभा होती. अभिरुचीच्या नावाने मारलेले दगड बऱ्याचदा अशा ठिकाणी पडतात: नवश्रीमंतावर, परदेशातून आलेल्यावर, बाईच्या हौसेवर.

भडक म्हणजे आपोआप चांगलं, असा माझा दावा नाही. न्हाणीघरात गालिचा घालणाऱ्याला मी कधीच माफ करणार नाही. तो ओलाव्याने कुजतो. निकृष्ट सोनेरी मुलामा दोन वर्षांत काळवंडतो. कारागिरी तपासा, जरूर तपासा. पण तपासणं वेगळं आणि पाहताक्षणी पुसायला निघणं वेगळं.

माझ्या मावसबहिणीने न्यू जर्सीतलं साठच्या दशकातलं घर विकायला काढलं. तिची जेवणाची खोली पोपटी रंगाची, एका भिंतीवर तिने स्वतः काढलेली वारली नाचाची फिरकी. दलालाने नम्रपणे यादी दिली: देव्हारा हलवा, तोरण काढा, भिंती फिकट करड्या करा, घेणाऱ्याला 'स्वतःचं घर' दिसलं पाहिजे. तिने सगळं केलं. मी गेले तेव्हा घर दंतवैद्याच्या दवाखान्यासारखं दिसत होतं. चौकटीवर तोरणाचे दोन खिळे तेवढे राहिले होते. त्यांवरही रंग मारला होता. वारली फिरकी करड्या रंगाखाली आहे. तिरप्या उन्हात भिंतीवर किंचित उठाव दिसतो, एवढंच.

पांढरा रंग बाजारात रोज मिळतो, आजही मारता येतो आणि पुढच्या वर्षीही. हाताने रंगवलेलं छत एकदा खरवडलं की ते काढणारा हात परत मिळत नाही. म्हणून असं घर घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: वायरिंग बदला, गळती थांबवा, तो गालिचा आजच फेका. रंगाऱ्याला मात्र एक वर्ष थांबायला सांगा.