उन्हाळ्यात बंगळूरला उतरायचं कुठे?

1991 साली कोर्ससाठी बंगळूरच्या एएससी सेंटरला होतो. एप्रिलातही रात्री बॅरेकमध्ये चादर लागायची. तीच आठवण धरून एप्रिल 2024 मध्ये सौ.ला घेऊन गेलो. ओल्ड एअरपोर्ट रोडवरच्या कमांड हॉस्पिटलमध्ये तिचे गुडघे दाखवायचे होते. पुतण्या म्हणाला, "काका, घर असताना लॉज कशाला?" गेलो.

त्याचं घर सर्जापूर रोडला. तिथल्या बोअरवेल आटलेल्या, सोसायटी टँकरवर. तपासणीच्या दिवशी आठला निघालो, ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत दहा वाजले. नंबर गेला, मुक्काम चार दिवसांनी वाढला. मग कळलं की आम्हाला पाणी पुरावं म्हणून पुतण्या आणि सूनबाई आंघोळ न करताच ऑफिसला जात होते. सौ.च्या डोळ्यांत पाणीच आलं.

चूक माझी. नव्या इलाक्यात आधी रेकी करायची, पाणी कुठे आहे ते बघायचं, हे जवानांना वर्षानुवर्षं शिकवलं आणि स्वतः विसरलो. बंगळूर 900 मीटर उंचीवर आहे खरं, पण एप्रिल 2016 मध्ये तिथे पारा 39.2 अंशांवर गेला होता. कावेरीचं पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून पंपाने चढवून आणतात. ते सगळ्या वस्त्यांना पुरत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: उन्हाळ्यात बंगळूरला काम असेल तर मुक्काम नात्यावर नव्हे, कामाच्या ठिकाणावर ठरवा. सैनिक आरामगृहात जागा मिळाली तर उत्तमच, पण निघण्याआधी फोन करून पक्कं करा. नाहीतर साधा लॉज बघा आणि तीन गोष्टी विचारा. पाणी कावेरीचं की टँकरचं? मेट्रो स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे का? खोली थेट गच्चीखालची तर नाही ना? स्लॅब तापला की रात्रभर झोप नाही. स्विमिंग पूल आणि फुकट नाश्ता नंतर बघा.

नातेवाईक रुसतील, असं तुम्ही म्हणाल. रुसतात. गेल्या वर्षी आम्ही हलसूरला मेट्रोजवळ उतरलो. हॉस्पिटल रिक्षाने जवळ, पहिल्याच दिवशी काम झालं. पुतण्या दोन दिवस फोनवर नीट बोलला नाही. रविवारी त्याच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा सूनबाईने पुरणपोळी केली होती. निघताना सौ.ला हळूच म्हणाली, "काकू, बरं केलंत."