शकुंतलेची वाट किती बघायची?

मूर्तिजापूरला घरी गेलो की चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "शकुंतला ब्रॉडगेज होऊ दे भाऊ, मंग पाय गावची मजा!"

अरे, पण मुंबई-हावडा ब्रॉडगेज स्टेशनातून शंभरहून जास्त वर्षं धावतेच आहे की! तिच्यातच बसून आम्ही पुण्याला आलो. आणि शकुंतला? ती तर वऱ्हाडचा कापूस विलायतेला न्यायलाच घातली होती.

याच नॅरोगेजवरचं कारंजा बघा. रेल्वे यायच्या आधी, १८८६ साली, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने तिथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडात कायदाच आला : बाजार समिती, परवाना असलेले अडते, परवाना असलेले मापारी. (इंग्रजांना शेतकऱ्याचा पुळका नव्हता, मँचेस्टरला चांगला कापूस हवा होता. असो.) त्यात ना पॅकेज होतं, ना भूमिपूजन. फक्त नियम होते.

नगरपरिषदेकडे मी कारखाना मागतच नाही. दालमिल किंवा वेल्डिंगचं शेड टाकणाऱ्याला बांधकाम परवानगी किती दिवसांत मिळणार, फी किती, सही कोणाची, एवढं फळ्यावर लिहा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांसाठी ते बंधनकारकच आहे. मुदत चुकली तर अपील करता येतं, अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

टपरीवर रेल्वेमंत्र्याला शिव्या घालणारे वीस जण भेटतात. असं अपील केलेला मला अजून एकही भेटलेला नाही.