समेट झाला, पण कोणाच्या जिवावर?

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना ती अर्पण केली, हे आपण दर जयंतीला ऐकतो. त्या मुक्त झालेल्या माणसांचं पुढे काय झालं, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून आज थोडं लिहितोय.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं. सहा लाखांहून जास्त माणसं मेली, जवळपास चाळीस लाख गुलाम मोकळे झाले. राज्यघटनेत तीन दुरुस्त्या आल्या. १८६५ ला गुलामी बंद, १८६८ ला नागरिकत्व, १८७० ला पुरुषांना मताचा हक्क. ज्या मिसिसिपीत काळ्या माणसांची बाजारात बोली लागायची, तिथूनच १८७० ला हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ सिनेटमध्ये गेले. हे सोपं नव्हतं, राव!

मग घोडं अडलं कुठे? जमिनीवर. जनरल शर्मनने जानेवारी १८६५ मध्ये किनाऱ्यालगतची जमीन, कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत, मुक्त झालेल्यांना द्यायचा हुकूम काढला होता. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोरांना माफी दिली आणि बहुतेक जमीन जुन्या मालकांकडे परत गेली. कालचे गुलाम त्याच शेतात वाट्याने राबू लागले. बियाणं उधार, धान्य उधार, हिशोबाची वही मालकाकडे. पीक निघालं तरी कर्ज उरलेलंच. सालगड्याच्या घरात वाढलेल्याला हे वेगळं समजवायला नको.

दुसरी अडचण संरक्षणाची. १८७३ मध्येच लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी डझनावारी कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. उत्तरेतले लोकही हळूहळू कंटाळले. १८७७ ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा वाद मिटला, दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी असलेलं सैन्य हटलं. 'देश पुन्हा एक झाला' म्हणून सगळे खूश. पण एक झाले ते दोन्हीकडचे गोरे. पुढे काळ्यांचा मताचा हक्क कागदावरच राहिला. तो खऱ्या अर्थाने हातात पडायला १९६५ चा कायदा यावा लागला.

माझं म्हणणं एवढंच. भांडण मिटवताना ज्याच्यावर अन्याय झाला तोच बैठकीत नसेल, तर तो समेट नव्हे, मालकांची आपसातली तडजोड आहे. आपल्याकडेही गावात काही घडलं की लगेच सांगतात, "जाऊ द्या, जुनं उकरू नका, गावाची एकी महत्त्वाची." एकी हवीच. पण आधी विचारा, जमीन कोणाच्या नावावर आहे आणि रात्री दाराला कडी लावून कोण घाबरत झोपतंय?

तुमच्या गावात काय चित्र आहे? मोकळेपणाने लिहा.