विंडोज सोडावे का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ह्या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि अलीकडच्या पिढीतला प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारी कितीतरी यंत्रे एका दिवसात कागदोपत्री निवृत्त झाली. नवे यंत्र घ्यावे, की आहे त्याच यंत्रावर लिनक्स घालावे, हा प्रश्न त्यामुळे मराठीच्या अध्यापकांनाही पडू लागला आहे. संगणकवाल्यांना विचारावे तर ते वेग आणि सुरक्षितता ह्यांविषयी बोलतात. लिहिणाऱ्याची अडचण निराळी असते.

साधनाचा आणि साहित्याचा काय संबंध, असे म्हणून हा प्रश्न झटकता येईल. जॉर्ज आर. आर. मार्टिन ह्यांनी २०१४ साली दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत सांगितले होते, की आपण डॉसच्या यंत्रावर वर्डस्टार ४.० वापरून कादंबऱ्या लिहितो. इंग्रजी लेखकाला हा हट्ट परवडतो. आस्की ही संकेतप्रणाली १९६०च्या दशकात ठरली आणि रोमन लिपीतले मोठे ‘ए’ हे अक्षर तेव्हापासून आजतागायत यंत्राच्या लेखी ६५ हाच अंक आहे. मराठी ‘क’चे नशीब असे नव्हते. इस्की हे भारतीय मानक १९९१चे, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची. तरी आपली डीटीपीची दुकाने, प्रकाशने आणि नियतकालिके पुढची पंधरा-वीस वर्षे श्रीलिपी, आकृती अशा टंकांतच वावरली.

ह्या टंकांची रीत थोडी समजून घेतली पाहिजे, कारण खरी मेख तेथे आहे. त्यांत ‘क’ हे अक्षर साठवलेलेच नसते. साठवलेले असते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह. टंक त्यावर ‘क’चे चित्र चढवतो. टंक काढून घेतला की कविता म्हणजे रोमन अक्षरांचा उकिरडा. लिनक्सवर हा टंक बसवून जुना मजकूर एक वेळ वाचता येईल, पण तो उमटवणारी कळफलकाची आज्ञावली विंडोजसाठी लिहिलेली असते. म्हणजे वाचता येते, दुरुस्त करता येत नाही. आपल्यापैकी अनेकांचे प्रबंध, अनियतकालिकांचे अंक, दिवाळी अंकांसाठी लिहिलेल्या कथा आज ह्या अवस्थेत आहेत.

रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या आहेत. त्या वापराव्यात, पण त्यांच्यावर विसंबू नये. जुन्या टंकांत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी येते; युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे नेमके उलटे. ‘कीर्ती’ किंवा ‘स्थितिशील’सारख्या शब्दांत त्यामुळे गफलती होतात, आणि जोडाक्षरांची दाटी असलेल्या गद्यात त्या पानोपानी सापडतात. मुद्रितशोधन पुन्हा करावेच लागते. दुसऱ्याच्या भरवशावर सोडण्यासारखे हे काम नाही. कवितेतली वेलांटी छंदासाठी ऱ्हस्व आहे की चुकून, हे आज्ञावलीला कसे कळावे?

युनिकोडमध्ये आले म्हणजे सुटलो, असेही नाही. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवलेला आढळतो : एकदा ‘ऱ’ ह्या स्वतंत्र अक्षराने, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना फरक दिसत नाही. शोध घेणाऱ्या आज्ञावलीला मात्र बहुधा ते दोन शब्द वाटतात. एखाद्या लेखकाच्या शब्दकळेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने मोजदाद करण्यापूर्वी हे तपासले नाही, तर त्याचे निष्कर्ष पोकळ ठरतील. (एम.ए.च्या संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात ह्याला एक तासिका द्यायला हरकत नसावी.)

हे घरकाम झाल्यावर लिनक्सची भीती बरीचशी ओसरते. इनस्क्रिप्ट हा कळफलक १९८६पासूनचे मानक आहे. तो विंडोजवर, मॅकवर आणि लिनक्सवर जवळपास सारखाच, त्यामुळे बोटांची सवय मोडत नाही. लोहित, नोटो, मुक्त हे टंक फुकट मिळतात. २००९च्या शासननिर्णयाने मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’चा आग्रह धरला, ज्या टंकांत तशी सोय आहे, तेथे लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठरवली की ती वळणे उमटतात. हिंदी वळणाचा ‘ल’ डोळ्यांत खुपणाऱ्यांना ही गोष्ट किरकोळ वाटणार नाही.

अडते ते छपाईच्या टोकाला. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची, आणि तिला युनिकोड ठाऊकच नव्हते. तिच्या जागी आलेले इनडिझाइन लिनक्ससाठी बनत नाही. स्क्रायबसने २०२४च्या १.६ आवृत्तीत देवनागरीसारख्या लिप्यांची जुळणी नियमित आवृत्तीत आणली खरी, पण मुद्रणालयाची रीत ठरलेली असते आणि तिच्याशी एकट्या संपादकाने भांडण्यात अर्थ नाही. जो स्वतः पाने लावतो, त्याने विंडोज किंवा मॅक सोडू नये. जो केवळ लिहितो, त्याला लिनक्सवर काहीच कमी पडत नाही. युनिकोडमधला साधा मजकूर पाठवावा, पुढचे जुळारी पाहील.

आणि आपले छापून आलेले पुस्तक पीडीएफमध्ये आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी त्यातला एक परिच्छेद उचलून कोऱ्या पानावर चिकटवून पाहावा. काना-वेलांट्या अनेकदा जागा सोडून पळालेल्या दिसतात. जुन्या यंत्रावरून विंडोज पुसण्याआधी मूळ धारिका, तिचा टंक आणि रूपांतरित प्रत, तिन्ही वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. प्रकाशकाकडे असलेली प्रतही मागून घ्यावी. डीटीपीची दुकाने बंद होतात तेव्हा त्यांच्या संगणकांचे काय होते, हे कोणी विचारत नाही.