फायटरवरचा खोटा आरोप

क्रॉफर्ड मार्केटच्या किंवा कुर्ल्याच्या मासेवाल्याला विचारा, ‘‘हा एवढ्याशा ग्लासात का?’’ उत्तर ठरलेले असते : ‘‘फायटर आहे साहेब. दुसरा दिसला की मारूनच टाकतो. एकटाच राहतो, त्याला जागा लागत नाही.’’ यावर गिऱ्हाईक मनाशी आणखी एक अनुमान काढते : पाळलेला असा, तर रानातला किती भयंकर असेल! मासा जातीचाच खुनशी, रानटी तर त्याहून खुनशी, आणि म्हणून ग्लास पुरे, असा हा पूर्वपक्ष आहे. त्यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी खुनशीपणाचे बघू. आपण पाळतो तो फायटर, म्हणजे बेट्टा स्प्लेंडेन्स, मूळचा थायलंडच्या चाओ फ्राया खोऱ्यातला आणि आसपासच्या प्रदेशातला. भातखाचरे, दलदली, गवताने भरलेले कालवे ही त्याची घरे. नर पानाखाली फेसाचे घरटे बांधतो आणि तेवढा टापू राखतो. दुसरा नर आला की कल्ल्यांची झाकणे फुगतात, पर पसरतात, रंग चढतो; कुशीला कूस लावून दोघे ताकद आजमावतात, एखाददुसरा चावा बसतो. मग एकजण पर मिटतो, फिका पडतो, डोक्यापासून शेपटीपर्यंत गडद रेघा उमटतात आणि तो गवतात पसार होतो. जिंकलेला घरट्याकडे परततो. प्रकरण सहसा काही मिनिटांत मिटते. मिटायलाच हवे, फाटक्या परांनिशी राहिलेला मासा खंड्याच्या चोचीत जायला कितीसा वेळ लागतो?

मग ही अपकीर्ती आली कुठून? राजाश्रयातून. 1840 च्या सुमारास सयामच्या (म्हणजे आजच्या थायलंडच्या) राजाकडचे काही मासे ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर थिओडोर कँटर यांच्यापर्यंत पोहोचले. त्यांनी 1849 मध्ये या माशांचे वर्णन छापले; सयामी लोकांच्या झुंजींची आणि पैजांची हकीकतही जगाला सांगितली. म्हणजे जगाने हा मासा पहिल्यांदा ओळखला तो आखाड्यातला. खाचरातल्या माशाची ओळख करून घ्यायला कोणाला सवड होती?

दुसरा मुद्दा : माणसाच्या हाताखाली प्राणी निवळतो. गाय, कुत्रा यांच्याबाबतीत हे खरे. इथे मात्र माणसाला निवळलेला मासा नकोच होता. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हा मासा किमान हजार वर्षांपासून माणसाच्या हाताखाली आहे. झुंजीच्या भांड्यात पळायला जागा नसते. जो तोंड फिरवतो तो हरतो आणि त्याची वीण कोणी वाढवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली ती माघार न घेणाऱ्याची. कोकणात झुंजीचा कोंबडा पाळणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

या निवडीचा एक परिणाम तर कोणी मागितलाही नव्हता. झुंजी लावतात नरांच्या. तरीही झुंजार वाणातल्या माद्या रानटी माद्यांपेक्षा जास्त आक्रमक असल्याचे 2019 च्या एका अभ्यासात दिसले. ‘मादी गरीब असते, चार एकत्र ठेवा’ असे बेलाशक सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. हाफमून, क्राउनटेल हे शोभेचे वाण झुंजीसाठी घडवलेले नाहीत, हे मान्य. पण त्यांचे लांबलचक पर धड पळू देत नाहीत, आणि एकरंगी अंगावर शरणागतीच्या रेघा नीट दिसतही नाहीत. ज्याला हार मानता येते पण दाखवता येत नाही, त्याचे भांडण मिटणार कसे?

आता उलट्या टोकाचे भाबडे भक्त. रानटी बेट्टा म्हणजे संत, कितीही एकत्र सोडा, असे हे म्हणतात. तेही चूक. रानटी नरही टापू राखतोच. छोट्या टाकीत हरलेल्याला दडायला जागा उरली नाही, की तोही मरेस्तोवर मार खातो. रानटी आणि झुंजार वाणांतला आक्रमकतेचा फरक परिस्थितीनुसार बदलतो, हा 2007 च्या एका अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. ठळक फरक आणखी एका ठिकाणी दिसतो. रानटी मासा माणसाची सावली पडताच झाडोऱ्यात शिरतो, झाकण उघडे राहिले तर उडी मारतो. दुकानातला मासा मात्र बोट दिसताच दाणे मागायला काचेशी येतो. माणसाला सरावलेला आणि भाऊबंदांपुढे हट्टी, असा हा दुहेरी स्वभाव पाळण्यातून आलेला आहे.

राहिला ग्लास. बेट्टाला वरची हवा घेण्यासाठी खास अवयव असतो, म्हणून तो घाण पाण्यातही तग धरतो. या तग धरण्यालाच दुकानदार ‘त्याला चालतं’ म्हणतात. भातखाचर उथळ असते हे खरे, पण ते ऐसपैस असते. ग्लासात मात्र त्याच्याच विष्ठेचा अमोनिया साचतो, आणि मधला पुठ्ठा सरकला की शेजारच्या ग्लासातला नर दिवसभर समोर. भांडण सुरू होते. ते मिटवण्याची सोय नाही.

तेव्हा सिद्धान्त असा : चिडखोरपणाचे बीज निसर्गाचे, पण त्याची मशागत माणसाची. दोन नर एकत्र ठेवू नयेत, हे दुकानदाराचे म्हणणे बरोबर. त्यावरून काढलेला ग्लासाचा निष्कर्ष चूक. पंधरा-वीस लिटरची झाकण असलेली टाकी, भरपूर पाणवनस्पती, 25 ते 28 अंश तापमान (पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागेलच) आणि नियमित पाणीबदल, एवढे त्याला द्यावेच लागेल. ते जमणार नसेल, तर ग्लासातला फायटर विकत घेऊ नका. गिऱ्हाईक थांबले की ग्लासही थांबतील.