सरळ ओढून काय कळतं?

या आठवड्यात पुन्हा तसलंच माहितीपत्रक हाती आलं. कंपनी वेगळी, मांडणी तीच: टायटॅनियमचा चकचकीत पेडिकल स्क्रू आणि खाली ठळक अक्षरांत न्यूटनमधला आकडा, ‘पुलआउट स्ट्रेंग्थ’, म्हणजे स्क्रू उपटायला लागणारी ताकद. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवर लिहिलं तेव्हापासून सांगतोय की चाचणी कशावर केली हे छापल्याशिवाय आकडा छापू नये. इथेही, चाचणीत हाडाऐवजी वापरलेल्या फोमचा ग्रेड दिलेला नाही. ग्रेड २० च्या पॉलियुरेथेन फोमची घनता घनमीटरला ३२० किलो, ग्रेड १० ची १६०. तोच स्क्रू, तेच आटे, पण नुसता फोम बदलला की पकड दुपटीहून अधिक बदलते. ठिसूळ हाडाच्या जागी संशोधक ग्रेड १० किंवा त्याहूनही हलका फोम घेतात. मणक्यात स्क्रू बसवून घेणाऱ्यांत साठीपुढच्या बायका किती असतात हे शल्यविशारदांना ठाऊक आहे. तरीही त्यांच्यासारखं हाड कोणत्या आकड्यात मोजलं गेलं, हे विचारून घ्यावं लागतं.

पण माझा खरा राग त्या चाचणीवरच्या भरवशावर आहे. एएसटीएम एफ५४३ या मानकातली पद्धत अशी: स्क्रू ठोकळ्यात पिळायचा, यंत्रात धरायचा आणि मिनिटाला ५ मिलिमीटर या वेगानं सरळ रेषेत उपटेपर्यंत ओढायचा. एकदाच, एकाच दिशेनं. शरीरात स्क्रूला असं कोण ओढतं? माणूस उठतो, वाकतो, चालतो, तेव्हा स्क्रूच्या डोक्याला जोडलेली सळी त्याला वर-खाली दाबते. भिंतीतली खुंटी सरळ ओढून निघत नाही, पण वर-खाली हलवत राहिलं की भोक रुंदावतं आणि ती हातात येते. एक्स-रेमध्ये स्क्रूभोवती काळी कडा दिसली की ‘स्क्रू लूज झालाय’ म्हणतात, ते बहुतेकदा असंच घडलेलं असतं.

या दोन प्रकारच्या भारांतला फरक एकाच अभ्यासात शेजारी-शेजारी पाहायला मिळतो, म्हणून सँटोनी आणि सहकाऱ्यांचा २००९ चा शोधनिबंध मी पुन्हा वाचला. नेहमीच्या वाटेऐवजी स्क्रू आतून बाहेर आणि खालून वर तिरपा घालायचा, म्हणजे त्याचे आटे कडक हाडात रुततात, ही ‘कॉर्टिकल’ वाट त्यांनी मृतदेहांतल्या कमरेच्या मणक्यांवर तपासली. सरळ ओढल्यावर नव्या वाटेची पकड ३० टक्क्यांनी जास्त भरली. सांख्यिकीच्या रूढ कसोटीवर हा फरकसुद्धा ठाम नव्हता. आणि स्क्रूवर मिश्र भार दिला तेव्हा? दोन्ही वाटा सारख्याच ठरल्या. माझ्या मते या निकालाचं मोल मोठं आहे, कारण नव्या वाटेचा स्क्रू आखूड आणि बारीक असतो. एवढ्याशा धातूनं बरोबरी साधणं ही खरी बातमी. पण भाषणांत, पत्रकांत ऐकू येतात ते ३० टक्के. बरोबरीचं वाक्य त्याच शोधनिबंधाच्या सारांशात आहे, ते वाचायला फार तर अर्धं मिनिट लागतं.

हिरानो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं की सरळ ओढण्याविरुद्धची सुमारे ६० टक्के ताकद पेडिकल या अरुंद पुलातून येते, आणि वर-खाली हलण्याविरुद्धचा ताठपणा तर सुमारे ८० टक्के. एकसारख्या फोमच्या ठोकळ्यात पेडिकल कुठून आणणार?

‘आम्ही ५० लाख आवर्तनांची चाचणीही करतो’, असं उत्तर मिळतं. करतात, एफ१७१७ नुसार. पण तिथे स्क्रू बसवतात पॉलिथिलीनच्या ठोकळ्यांत, कारण ती चाचणी सळी आणि स्क्रू तुटतात का हे पाहण्यासाठी आहे. म्हणजे पहिल्या चाचणीत पकड तपासली जाते पण एकाच ओढीनं, आणि दुसरीत भार पुन्हा पुन्हा येतो पण हाडासारखं काहीच नसतं. रुग्णाचा स्क्रू या दोन्हींच्या मधल्या जागेत सैल होतो. फोमच्या मानकातच लिहिलंय की हा फोम मानवी हाडाची नक्कल नव्हे, तुलनेसाठीचा समान पदार्थ आहे. मानक लिहिणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पत्रक छापणाऱ्यांनी ते गाळलं.

हट्ट म्हणा हवं तर, पण आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही मी यात धरतो. प्रत्येक प्रयोगशाळेत यूटीएम, म्हणजे ओढून-दाबून ताकद मोजणारं यंत्र, उभं आहे, म्हणून प्रत्येक प्रकल्पात स्क्रू सरळ ओढला जातो. त्याच यंत्रावर, भार स्क्रूच्या डोक्याला आडवा लागेल असा जिग करून, काही हजार आवर्तनं देता येतात. वेळ लागेल, आलेख कमी देखणा येईल. मार्गदर्शकांनी यंदाच्या तुकडीला हे काम द्यावं आणि निकालात फोमचा ग्रेड, आधी पाडलेल्या भोकाचा व्यास व आवर्तनांची संख्या लिहायला लावावी.

आणि डॉक्टरांनो, तो ठळक आकडा दाखवणाऱ्या प्रतिनिधीला इतकंच विचारा: हलवून पाहिलंत का? त्याच वेळी आपल्या साठीपुढच्या रुग्णाची हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी शस्त्रक्रियेआधी झाली आहे ना, हेही पाहा. हाड विरळ निघालं तर जाड स्क्रू, जास्त मणक्यांना आधार किंवा सिमेंट हे पर्याय टेबलावर घेण्याआधीच ठरवता येतात. सिमेंट शिरेत गळण्याचा धोकाही तेव्हाच रुग्णाला समजावून सांगता येतो.