‘तेथे काही नाही’ असे म्हणणाऱ्यांस

केरळच्या उत्तर किनाऱ्यावर बदली झालेल्या आपल्या बांधवांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : “गाव बरे आहे हो, पण तेथे काही नाही.” तलश्शेरीविषयी हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की, त्याचा समाचार घेणे आता प्राप्तच आहे. ‘काही नाही’ म्हणजे काय, असे खोदून विचारावे, तर निष्पन्न एवढेच होते की, तेथे मराठी नाटक नाही, मनाजोगते पोहे मिळत नाहीत आणि दारावरच्या पाट्यांवर ओळखीचे आडनाव नाही. ज्या गावी आपण नाही त्या गावी काहीच नाही, असा हा न्याय होय!

वस्तुस्थिती काय आहे? इंग्रजांच्या कंपनीने १७०८ साली किल्ला बांधला तेव्हापासून हे बंदर मिऱ्यांच्या व्यापारासाठी जगास ठाऊक आहे. जिल्ह्याचे नाव कण्णूर असले तरी जिल्हा न्यायालय आजही तलश्शेरीस आहे. एडवर्ड ब्रेनन हा या बंदरावरचा एक अधिकारी. त्याने मागे ठेवलेल्या पैशांतून १८६२ साली शाळा निघाली. तिचेच पुढे कॉलेज झाले व ते आता लगतच्या धर्मडम येथे नांदत आहे. हेर्मान गुंडर्ट हा जर्मन मिशनरी येथील इल्लिक्कुन्नु टेकडीवर सुमारे वीस वर्षे राहिला. १८४७ साली त्याने मलयाळममधील पहिले नियतकालिक काढले, आणि त्याचा मलयाळम-इंग्रजी कोश १८७२ साली प्रसिद्ध झाला. ‘इंदुलेखा’ ही मलयाळमची आद्य कादंबरींत गणली जाणारी कृती १८८९ साली लिहिणारे चंदु मेनन याच परिसरातले, आणि नोकरीने सरकारी न्यायखात्यातले. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांचा जन्म येथला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी येथेच वकिली केली व १९५७ साली येथूनच ते विधानसभेत गेले. कोर्ट, कॉलेज आणि वाचनशाळा या तिहींनी घडविलेला हा समाज आहे. चहाच्या दुकानात वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, त्यावर हुज्जत घालावी, साहेबासमोरही मान तुकवू नये, हा त्याचा स्वभाव. आपल्या लोकांस तो उद्धटपणा वाटतो. आम्हांस ते नागरिकत्व वाटते.

यावर कोणी म्हणतील, “त्या भागातल्या राजकीय खुनांचे काय?” तो कलंक खरा आहे. १९७१ च्या अखेरीस तलश्शेरीत दंगल झाली, आणि त्यानंतरही पक्षांच्या वैरात कित्येक घरे उजाड झाली. मते प्राणपणाने धरणाऱ्या समाजाची ही काळी बाजू आहे व तिचे समर्थन कोणी करू नये. परंतु तिचा निषेध तरी नीट करावयाचा, तर तेथील वृत्तपत्र वाचता आले पाहिजे, शेजाऱ्याचे म्हणणे कळले पाहिजे. सरकारी निवासाच्या खिडकीतून केलेल्या निषेधास आम्ही किंमत देत नाही.

आता मुख्य मुद्दा. मुंबईच्या बँकेत खिडकीमागचा परप्रांतीय कर्मचारी मराठीत बोलत नाही म्हणून आपण संतापतो, आणि तो संताप न्याय्य आहे. मग तलश्शेरीच्या खिडकीशी निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीने आपले हिंदी का म्हणून समजून घ्यावे? “तीन वर्षांसाठी कोण शिकत बसतो?” हे उत्तर मुंबईतल्या त्या कर्मचाऱ्यानेही दिले असते. तेथे आपण ते ऐकून घेत नाही. मग येथे आपण ते कोणत्या तोंडाने द्यावे? आपल्या भाषेसाठी जो हक्क मागतो, त्याने दुसऱ्याच्या भाषेचे कर्ज फेडलेच पाहिजे.

ब्रेनन, गुंडर्ट हे राज्यकर्त्यांच्या छत्राखाली आले होते, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. तर मग आपल्याच माणसाचे उदाहरण घ्या. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात आपली सर्कस घेऊन तलश्शेरीस आले. त्यांच्यापाशी ना हुकूम होता, ना अधिकार. तेथे त्यांची गाठ कीलेरी कुंजिकण्णन या कसरतीच्या शिक्षकाशी पडली. छत्र्यांनी कसरतपटूंचे गुण पारखले, कुंजिकण्णन यांनी सर्कशीची विद्या उचलली, आणि १९०१ साली त्यांनी तेथे सर्कशीची शाळा काढली. पुढे देशभरच्या तंबूंतून जे मलयाळी कलावंत झळकले, त्यांचे मूळ या भेटीत आहे. मुक्काम थोडा होता, पण पाहण्याची दृष्टी होती. वर्षानुवर्षे मुक्काम करणाऱ्या आपल्या बांधवांपैकी कितीजणांस ही हकीकत ठाऊक आहे?

परमुलखातील आपल्या मंडळांस आमचे सांगणे इतकेच : गणेशोत्सवाच्या वर्गणीचे पावतीपुस्तक ज्या नेमाने निघते, त्याच नेमाने स्थानिक भाषेचा वर्ग निघाला पाहिजे. शिक्षक शोधण्यास लांब जावयास नको. तलश्शेरीसारख्या गावी तो शेजारच्याच घरात असतो. त्याला घरी बोलवावे, चहा द्यावा, आणि बदलीचा हुकूम येण्याआधी निदान त्याचे वर्तमानपत्र वाचता येईल इतके शिकून घ्यावे.